दवंडीचं पहिलं वाक्य

रामलिंगचं नाव निघालं की गावात आजही एवढंच म्हणतात, की तो रझाकारांचा माणूस होता. म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांनी रझाकार पाहिलेलेसुद्धा नाहीत. ज्यांनी पाहिले ते तेव्हा दारं लावून आत बसले होते, आणि त्यांत मीही होतो. मी सिद्धलिंग, गावच्या शाळेचा मास्तर. हे लिहिताना मला कुणाचाच मुलाहिजा ठेवायचा नाही.

रामलिंग हा बेंबळीच्या अलीकडच्या आमच्या गावचा दवंडीवाला. घर मांगवाड्यात, खांद्याला हलगी, आणि आवाज असा की चावडीपाशी बोलला तर ओढ्यापलीकडच्या मळ्यात ऐकू जायचा. दवंडी त्याच्या बापाकडून त्याच्याकडे आली होती. सुगीत तिच्याबद्दल घरटी ज्वारीची पेंढी मिळे, पण पेंढीपेक्षा त्याला दवंडीचाच तोरा. एरवी गाव त्याची सावलीही अंगावर पडू देत नसे. हलगी वाजली की मात्र तोच गाव हातातलं काम टाकून त्याच्या तोंडाकडे बघत उभा राही. त्या घटकेची चव त्याला पुरती ठाऊक होती.

दवंडीची एक रीत होती. आधी हलगीवर तीन थापा, मग ठरलेलं पहिलं वाक्य: "खल्क खुदाची, मुल्क बादशाचा, हुकूम सरकारचा हो..." म्हणजे जग देवाचं, मुलूख राजाचा, हुकूम सरकारचा. एवढं झालं की मग पुढचं काय ते. कुणाचा बैल हरवलाय, देवीची लस टोचायला माणूस येणार आहे, तहसीलदारसाहेबांचा मुक्काम पडणार आहे. पहिलं वाक्य नसेल तर ती दवंडी नाही, नुसती बोंब, असं रामलिंग म्हणायचा.

निजामाचा वाढदिवस, म्हणजे सालगिरह, त्याची दवंडीही अशीच निघे. त्या दिवशी चावडीला आंब्याच्या डहाळ्यांची कमान लागे. आमचे आण्णासाहेब, गावातले सगळ्यांत मोठे जमीनदार, शेरवानी आणि रुमी टोपी घालून खुर्चीवर बसत. लाडलेसाब शिंपी पताका शिवून देई. मी पोरांना रांगेत उभं करून निजामासाठी उर्दूतली दुआ म्हणवून घेई. मग बत्तासे वाटले जात. अकरा वर्षं मी ती दुआ म्हणवली, आणि एखाद्या पोराचा उच्चार चुकला तर छडीही मारली.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि चार-पाच दिवसांत रझाकार पसार झाले. त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या शूर लोकांनी मुसलमानांच्या घरांत शिरून काय केलं, त्याच्या गोष्टी कुणी सांगत नाही. लाडलेसाबचा भाऊ त्या आठवड्यात शेताकडे गेला तो परत आला नाही. जे वर्षभरापूर्वी कडी लावून बसले होते, तेच आता रस्त्यानं छाती काढून फिरत होते.

पुढच्या वर्षी पंधरा ऑगस्ट करायचा असा तहसिलीतून कागद आला. गावात हा सण पहिलाच, तो कसा करतात कुणालाच माहीत नाही. कमिटी झाली. अध्यक्ष अर्थातच आण्णासाहेब, शेरवानी पेटीत गेली होती आणि अंगावर खादी आली होती. चिटणीस मी. सण म्हटला की आम्हाला सालगिरहच येत होती, म्हणून तीच ठेवली: तीच कमान, तीच खुर्ची, तेच बत्तासे. झेंड्याला काठी हवी होती. आम्हा लिंगायतांनी जत्रेत मिरवायच्या आमच्या नंदीध्वजाची काठी देऊ केली, पण तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही म्हणून सांगितलं. मराठे म्हणाले, मग दोरी आम्ही ओढणार. या काठी-दोरीवरून तीन बैठका झाल्या आणि एकदा तर हातघाईवर आलं. झेंडा कुणी शिवायचा यावर मात्र भांडण झालं नाही. तो लाडलेसाबलाच टाकला, कारण गावात दुसरं शिलाईचं यंत्र नव्हतं.

"झेंडा घ्या आन् त्याला म्हनावं घरात बस," आण्णासाहेब मला म्हणाले. "चावडीवर दिसला तर पोरं माझंबी ऐकायची न्हाईत."

हा निरोप मीच पोचवला. लाडलेसाबनं झेंड्याची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "चक्र बराबर बीचमें आलंय. बघून घ्या," एवढंच तो म्हणाला.

चौदा तारखेला दुपारी रामलिंग माझ्या ओसरीसमोर येऊन अंगणात उभा राहिला. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून दवंडीचा मजकूर मी तोंडी सांगायचो आणि तो पाठ करायचा. मी आण्णासाहेबांचं भाषण लिहीत होतो. दवंडीचा कागद बाजूला तयार होता, तो वाचून दाखवला: उद्या सकाळी आठ वाजता चावडीपुढं झेंडावंदन, सर्वांनी यावं. त्यानं दोनदा म्हणून दाखवलं. तरी हलेना.

"आन् आदी काय म्हनू, गुर्जी? बादशा तर गेला म्हनत्यात."

मी मान वर केली नाही. भाषणात 'बलिदान' हा शब्द कुठं बसवायचा, या विचारात होतो.

"नेहमीचंच म्हण रे. डोकं खाऊ नकोस."

तो गेला. पहिल्याच गल्लीत तीन थापा झाल्या, "मुल्क बादशाचा" झालं, आणि आण्णासाहेबांच्या पुतण्यांनी त्याला धरला. एकानं हलगी खाली टाकून तिच्यावर पाय दिला. कातडं फाटलं. मग त्याला ढकलत चावडीवर आणला. मला बोलावणं आलं तेव्हा तिथं पन्नासेक माणसं जमली होती आणि प्रत्येकाला एकाएकी देशप्रेमाचं भरतं आलं होतं.

"आजून बादशा आठवतो व्हय रं तुला?" आण्णासाहेबांनी विचारलं. ही खुर्ची, ही जागा, हा माणूस, सगळं सालगिरहचंच होतं.

"म्या गुर्जींना इचारलं व्हतं," रामलिंग म्हणाला. "त्येनी सांगितलं, न्हेमीचंच म्हन."

सगळे माझ्याकडे वळले. मला माझी अकरा वर्षांची दुआ आठवली. ती त्या पन्नासांपैकी कुणालाही आठवू शकली असती.

"मी असं कशाला सांगेन?" मी म्हणालो, आणि खिशातला कागद काढून दाखवला. "यात कुठं आहे बादशा?"

कागदात तो नव्हताच. मी आणखीही एक बोलू शकलो असतो. निजाम अजून गादीवर होता, राज्य त्याच्याच नावानं चाललं होतं. गावात वर्तमानपत्र वाचणारा मी एकटा, आणि हे मला ठाऊक होतं. म्हणजे रामलिंग शब्दानं चुकलेलाही नव्हता. तेही मी गिळलं.

शिक्षा अशी ठरली: त्याची दवंडी बंद, आणि त्याआधी शेवटचं एकदा गल्लोगल्ली फिरून आपला गुन्हा त्यानंच सांगायचा. हलगी फाटलेली, म्हणून रॉकेलचा रिकामा डबा हातात दिला. "म्या रामलिंग, निजामाचा चाकर, म्या चुकलो हो..." आवाज नेहमीचाच, ओढ्यापलीकडे जाणारा. बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. माझ्या दारावरून जाताना त्यानं आत पाहिलं नाही.

माझी बायको शांताक्का उंबऱ्यात होती. "तुमीच म्हनला व्हता की न्हेमीचंच म्हन म्हून," ती म्हणाली. "म्या आत ज्वारी निवडत व्हते. ऐकलंय म्या."

मी तिला गप्प राहायला सांगितलं, आणि ती राहिलीही. त्यानंतर कित्येक महिने माझं ताट ती एक शब्द न बोलता समोर ठेवायची.

मग पन्नासचा जानेवारी आला. प्रजासत्ताक होणार म्हणून पुन्हा कागद, पुन्हा कमान. आमच्या राज्याचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालाच्या जागी, कोण, तर निजामच. आण्णासाहेबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि भाषणात त्याचं नाव आदरानं घालायला सांगितलं. कुणी कशावर पाय दिला नाही. तेव्हा माझ्या अंगाची जी आग झाली, ती मी भाषणातलं त्याचं नाव वळणदार अक्षरात लिहून विझवली.

अडचण दवंडीची होती. मांगवाड्यातलं कुणीही हलगीला हात लावेना. आण्णासाहेबांनी मला पाठवलं. रामलिंग तुळजापूरच्या रस्त्यावर खडी फोडत होता. मी म्हणालो, झालं गेलं सोडून दे, नवी हलगी देतो.

तो हातोडा चालवतच बोलला. "या बारीला मुल्क कुणाचा म्हनू?"

"लोकांचा म्हण."

"म्हंतो की. पर चावडीम्होरं हुबं ऱ्हाऊन समद्यांना सांगा, त्या दिशी तुमीच सांगितलं व्हतं. मंग येतो."

"बघू," मी म्हणालो.

"बगा," तो म्हणाला, आणि पुढचा दगड ओढून घेतला.

सव्वीस तारखेला सकाळी मी शाळेची घंटा घेऊन गल्लीतून फिरलो. लोकांना वाटलं शाळा भरली, कुणी बाहेर आलं नाही. झेंड्यापुढं सतरा माणसं होती.

रामलिंग पुढं एकोणीस वर्षं त्याच गावात राहिला. दरवर्षी दोनदा झेंडा वर जाई, त्याच चावडीपुढं, आणि मी माईकवर स्वातंत्र्यलढ्याच्या तारखा आणि नावं सांगे. त्यानं मागितलेलं ते एक वाक्य मी कधी सांगितलं नाही. तो मेला तेव्हा मयतीची खबर फिरवायला गावात दवंडी उरली नव्हती. मला ते शांताक्कानं सांगितलं, आणि तेही माती होऊन गेल्यावर, दुसऱ्या दिवशी.