राबाचा धूर

माझे वडील सतरा वर्षं फौजेत होते, बहुतेक सगळी दारूगोळ्याच्या डेपोत. निकामी दारू, रंगाचे डबे, रसायनांची पिंपं खड्ड्यात जाळायची आणि आग विझेपर्यंत काठावर उभं राहायचं, हे त्यांचं काम. तोंडाला नुसता रुमाल. आता किन्हवलीच्या एसटी स्टँडवरून घरी येईपर्यंत ते तीनदा बसतात. फुप्फुसं कडक झाली आहेत, म्हणून अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज मी भरला. खड्ड्याचं सगळं त्यात लिहिलं, पण सरकारी नोंदीत त्यांची नेमणूक 'भांडार' एवढीच.

अर्ज फेटाळला गेला. कारण लिहिलं होतं: 'लहानपणापासून शेतातल्या धुराशी संबंध. आजार सेवेमुळे नाही.'

माझं डोकंच फिरलं. "बाबा, फौजेच्या तपासणीत तुम्ही काय सांगितलंत?"

"डॉक्टरसायबांनी इचारलं, घर पे धुआँ होता है? मी बोललो, जी साहब, बचपन से, हर साल. राब भाजतो ना आपन."

भाताची रोपं टाकण्याआधी शेण, पालापाचोळा पसरून ती जागा भाजायची, तो राब. आमच्याकडे तो सगळेच भाजतात.

"आणि खड्ड्याचं?"

"त्यांनी नाय इचारलं."

विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं, ही फौजेची शिस्त. घरात मात्र न विचारता दिवसभर सूचना चालू असतात. मला राग आला, आणि मग त्यांची धाप ऐकून रडूही आलं.

आई वाल निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "यांना सुट्टी भेटायची ती कापणीला. सतरा उन्हाळं राब मी एकटीनं भाजला. मना कुठं दम लागतो?"

आपल्यामागे राब कोण भाजतं, हे इतक्या वर्षांत बाबांनी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शहापूरला नेऊन मी आईच्या छातीचा एक्स-रे काढला. स्वच्छ होता. अपिलाला बाबांचा आणि आईचा, दोन्ही एक्स-रे जोडले.

सुनावणीला आम्ही तिघं गेलो. जिना चढून आई आधी वर पोहोचली, बाबा मधल्या पायरीवर बसले. आत साहेबांनी दोन्ही फिल्म उजेडासमोर धरल्या. "ये दूसरा किसका है?"

बाबा खुर्चीवरून उठून ताठ उभे राहिले. "मेरी घरवाली का, साहब. खेत का धुआँ उसने लिया. मैं तो गड्ढे पे था."

साहेबांनी फिल्म खाली ठेवल्या. "कौन-सा गड्ढा?"

आता त्यांना विचारलं होतं. बाबा बोलायला लागले. दर दोन वाक्यांनी थांबून श्वास घेत होते, पण एकही पिंप त्यांनी वगळलं नाही.