बिनदेशाचा हिरो

वसईच्या एडवर्ड डाबरेला आयुष्यात एकच गोष्ट मनापासून हवी होती, ती म्हणजे हिरोचं काम. गावच्या चर्चच्या नाटकांत त्याने भाला धरून उभा राहणारा शिपाई केला, दुसऱ्या अंकातलं मढं केलं आणि एका नाताळात पडद्यामागून कोंबडाही आरवून दाखवला. कोंबड्याला टाळ्या पडल्या, पण आरवलं कोण, हे कुणी विचारलं नाही. मग पोटापाण्यासाठी तो ओमानला आला आणि रुसैलच्या एका पाइपच्या कारखान्यात स्टोअरकीपर झाला. तिथे केस गेले आणि पोट आलं, पण हौस काही जाईना. स्टोअरच्या खिडकीतून हातमोजे देतानासुद्धा तो असे देई, की घेणाऱ्याला आपण लढाईवर निघालोय असं वाटावं.

त्यामुळे एचआरच्या शिवांगीने सेफ्टी डेला सुपरहिरोचं छोटं नाटक करायचं म्हटलं, तेव्हा तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत एडवर्डने दोन्ही हात वर केले.

"काका, उंचावर चढायचंय हं," पुण्याची शिवांगी म्हणाली.

"चढतो की. उतरवायचं तुम्ही बघा."

गोष्ट साधी होती. एक मूर्ख कामगार हेल्मेट न घालता, पट्टा न लावता उंचावर चढतो, पडायला येतो आणि हिरो त्याला वाचवतो. पॅकिंगमधला जहूर मूळचा रत्नागिरीचा शिंपी. त्याने जुन्या कव्हरऑलचा सूट शिवायला घेतला. एडवर्डने स्वतःसाठी एक लांबलचक भाषण लिहिलं आणि ते स्टोअरमधल्या खोक्यांना रोज म्हणून दाखवायला लागला.

तालीम कॅन्टीनमध्ये झाली. आता या कॅन्टीनमध्ये कुणी कुठे बसावं असं कुठेही लिहिलेलं नाही, तरीही पेशावरवाले खिडकीपाशी, केरळवाले पंख्याखाली, बंगाली आणि नेपाळी भिंतीकडे, ओमानी दाराजवळ, अशी जागतिक व्यवस्था वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू होती. एडवर्ड टेबलावर चढला, छाती काढून गरजला, "मेरा कोई देश नहीं! इन्सानियत ही मेरा देश है!" आणि झोकात वळला. वळल्याबरोबर पाठीवरचा झगा फडकला, आणि झग्याचं अस्तर निघालं केशरी, पांढरं, हिरवं.

"इन्सानियत आगे, इंडिया पीछे!" पेशावरचा क्रेनवाला ओरडला. खिडकीकडची सगळी टेबलं हसली.

जहूरने कपाळावर हात मारला. अस्तराची हौस एडवर्डचीच होती. पण एडवर्डला यात काही चुकलंय असं वाटेना. "माणुसकी ठीक आहे हो," तो शिवांगीला म्हणाला, "पण माणूस कुठूनतरी आलेला असतो की नाही? ज्याला गावच नाही, तो वाईट वागला तर त्याची तक्रार कुणाकडे करायची?"

खरं सांगायचं तर, या मुद्द्यात दम होता. पण तो ऐकून कोण घेतो! क्रेनवाला म्हणाला, हिरो पठाण हवा, बाकी कुणाच्या अंगात ती ताकद नाही. केरळचा फोरमन म्हणाला, हिरोने हिंदी बोलूच नये, अर्ध्या कारखान्याला ती कळत नाही. फोर्कलिफ्ट चालवणारा अम्मार शांतपणे म्हणाला, देश आमचा, कारखाना आमचा, तर हिरो परदेशातून का आणायचा? हिरो सगळ्यांनाच हवा होता. मूर्ख कामगार मात्र एकाही देशाला नको होता. तो बंगाली असावा असं कुणीतरी सुचवल्यावर भिंतीकडच्या मंडळींनी ताटं आपटली. त्या दिवसापासून क्रेनवाला आणि फोरमन यांचं बोलणंच बंद झालं. एकाने माल उचलायचा आणि दुसऱ्याने कुठे ठेवायचा ते सांगायचं, हे काम नुसत्या खाणाखुणांवर चालू झालं.

दुसऱ्या दिवशी शिवांगीने एडवर्डला बोलावलं. "काका, मूर्ख कामगार आता चिंध्यांचा. आणि हिरो डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला. बोलायचं नाही, फक्त शिटी. आत कोण होतं ते कुणाला कळता कामा नये, नंतरसुद्धा. नाहीतर पुन्हा सगळी ताटं आपटतील."

एडवर्डचा चेहरा पडला. "म्हणजे भाषण?"

"खलास."

"आणि तोंड?"

"तेही झाकायचं. जमणार नसेल तर सांगा, मी दुसरं कुणी—"

"दुसरं कुणी नको!" एडवर्ड घाईघाईने म्हणाला आणि शब्द देऊन बसला. त्या संध्याकाळी त्याला जेवण गेलं नाही. आयुष्यात एकदा हिरो होण्याची संधी चालून आली, आणि ती अशी, की हिरो झाल्याचं कुणाला कळणारच नाही! यापेक्षा तो कोंबडा बरा होता, असंही त्याच्या मनात आलं.

कारखाना मात्र समजायचं ते समजला. एडवर्डला नाटकातून काढलं, अशी बातमी पसरली. लोक खिडकीशी येऊन हातमोजे घेता घेता त्याचं सांत्वन करायला लागले. क्रेनवाल्याने तर त्याला स्वतःच्या हातचा चहा पाजला. आपल्यामुळेच बिचाऱ्याचा पत्ता कटला, असं त्याला मनातून वाटत होतं.

जहूरने झगा उसवला आणि सेफ्टी जॅकेटच्या झगझगीत पिवळ्या कापडाचा नवा शिवला. "हा रंग कुठच्याच झेंड्यात नाय," तो म्हणाला. पोटाच्या वर फोम भरून त्याने छाती अशी पुढे आणली, की पोट तिच्यात गुडुप झालं.

सेफ्टी डेला एडवर्ड स्टोअर सांभाळतोय असं सगळ्यांना सांगितलं होतं. पटांगणात लोक जमले, मुदीर, म्हणजे कारखान्याचे मोठे साहेब, आले आणि उचलत्या शिडीवरून पिवळा हिरो वर गेला. वर लोंबकळणाऱ्या चिंध्यांच्या मूर्खाला त्याने कवटाळलं आणि अलगद खाली आणलं. टाळ्या पडल्या, पण बेताच्याच. नाटक इथेच संपायचं होतं.

पण एडवर्डच्या आत न म्हटलेलं एवढं मोठं भाषण कोंबून भरलेलं होतं, ते कुठेतरी निघायलाच हवं होतं. त्याने गर्दीकडे पाहिलं. क्रेनवाल्याने हेल्मेट काखेत मारलं होतं. हिरोने कर्कश शिटी फुंकली, कमरेवर हात ठेवले आणि नुसतं बोट दाखवलं. क्रेनवाल्याने निमूट हेल्मेट डोक्यावर चढवलं. केरळची मंडळी खिदळली, तेवढ्यात बोट त्यांच्या फोरमनच्या सुटलेल्या बुटाच्या नाडीवर गेलं. मग अम्मारवर. मग बाकीच्या चार भारतीयांवर, कारण ते हसत होते आणि त्यांच्याही डोक्यावर काही नव्हतं. आणि मग हिरो गर्रकन वळला.

मुदीर बोडक्या डोक्याने उभे होते, तेही थेट शिडीखाली.

शिवांगीने डोळे मिटून घेतले. हिरो मुदीरसमोर गेला, शिटी वाजवली, चिंध्यांच्या मूर्खासाठी ठेवलेलं हेल्मेट उचललं आणि दोन्ही हातांनी साहेबांच्या डोक्यावर ठेवून हनुवटीखाली पट्टासुद्धा आवळला. साहेबांनी क्षणभर त्या पिवळ्या बुरख्याकडे पाहिलं, आणि मग ते पोट धरून हसायला लागले. पुढे जो गलका झाला, तो पार सोहारच्या रस्त्यापर्यंत गेला असेल.

दुपारी एडवर्ड ताट घेऊन कॅन्टीनमध्ये आला, तेव्हा तिथे टेबलं एकमेकांत मिसळली होती.

"हमारा आदमी था," क्रेनवाला सांगत होता. "मुदीर के सर पे हाथ! पठान के सिवा किसकी हिम्मत?"

"पहले मेरी नाडी देखी. इतना डिसिप्लिन केरला में ही मिलेगा," फोरमन म्हणाला. ते दोघं बोलत होते, आणि तेही एकाच थाळीतली मासळी खात.

"मुदीरको हात लगाया और नोकरी बाकी है," अम्मार म्हणाला, "मतलब ओमानी."

एडवर्डने ताट टेबलावर ठेवलं. "और... मेरे जैसा कोई हुआ तो?"

सगळं कॅन्टीन एका सुरात हसलं. खिडकी, पंखा, भिंत, दार, सगळी एकदम. "तू? वो तो उड़ रहा था, एडवर्डभाई!" त्या कारखान्यात सगळ्या देशांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, ते यावर, की तो एडवर्ड नव्हता.

त्याला ते लागलं. फार लागलं. "मीच तो, गाढवांनो," हे शब्द जिभेच्या टोकावर आले. तेवढ्यात त्याला दिसलं, की हसता हसता क्रेनवाल्याने फोरमनच्या पाठीवर थाप मारली आणि फोरमनने मासळीचा मोठा तुकडा त्याच्याकडे सरकवला.

एडवर्डने शब्द गिळले. "मैं कहाँ का हिरो!" तो म्हणाला. "मुझे तो स्टोअर से बाहर निकलने नहीं दिया!" आणि डोळ्यांत आलेलं पाणी हसण्याचंच आहे असं दाखवत तो सगळ्यांहून मोठ्याने हसला, टेबलावर बुक्क्या मारत हसला.

शेजारी बसलेल्या जहूरने टेबलाखाली त्याचा गुडघा दाबला. "एडवर्डभाई, आता बास," तो हळूच म्हणाला. "ओव्हरअ‍ॅक्टिंग होतंय."