कानाखालचा लाल ठिपका

बोईसरच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्यात रसायनांच्या टाक्या बनतात, आणि त्या भार सोसतील की नाही हे मी कॉम्प्युटरवर तपासते. म्हणजे टाकीचं चित्र छोट्या छोट्या चौकोनांत तोडायचं आणि कुठल्या चौकोनावर किती ताण येतो ते बघायचं. या चौकोनांच्या जाळीला आम्ही मेश म्हणतो. मेश बारीक केली की उत्तर सुधारतं, एवढंच मालकांनी कुठंतरी ऐकलं होतं, आणि त्यावरून ते माझं डोकं खायचे.

अशाच एका टाकीला क्रेननं उचलण्यासाठी वर दोन लोखंडी कान होते. एका कानाच्या कोपऱ्यात लाल ठिपका आला, म्हणजे तिथं ताण मर्यादेबाहेर. मालक समुद्रकाठच्या चिंचणीचे, शेजारी बसूनही होडीवरून हाक मारल्यासारखं बोलतात. "मेश बारीक कर, जाईल तो!" केली. ताण वाढला. अजून बारीक केली, अजून वाढला.

"तूच बिगडवतेस गं बाय! पयली होती तीच बरी."

आता यांना काय सांगायचं, कप्पाळ? चित्रात कोपरा अगदी धारदार होता, आणि तशा कोपऱ्यात मेश कितीही बारीक करा, आकडा चढतच राहतो. मी वेल्डिंगची खरी गोलाई चित्रात दिली, मेश फक्त तिथंच बारीक करत नेली. आकडा एका जागी थांबला. पण थांबला तो मर्यादेच्या वरच. कानाखाली जाड पट्टी हवी होती, आणि टाकी तर रंगवून तयार.

"मग त्या लालचा हिरवा कर ना. चित्रच हाय ते."

माझं टाळकंच सटकलं. "करते. टाकी उचलताना खाली तुम्ही उभे राहा."

"मी कशाला? तिथं आपली मानसं असतात."

बोलून गेले आणि त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. काचेपलीकडे शेडमध्ये ती माणसं टाकीच्या सावलीत डबे उघडून बसली होती. मला रागानं रडू येईल असं वाटलं. मालक उठले आणि दारातून ओरडले, "अरे, कान के नीचे का रंग घिस के निकालो, पट्टी लगेगी!"

पट्टी लागली. मी सगळं पुन्हा तपासलं, लाल कुठंच नव्हतं. टाकी उचलायच्या सकाळी क्रेन आत आली, तरी मालक माझ्या खुर्चीमागून हलेनात.

"आजून बारीक कर."

"आता आकडा नाही बदलणार."

"कर तरी."

वैतागून केली. आकडा जागचा हलला नाही. बाहेर क्रेनवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता.

"आजून एकदा कर, बाय," मालक म्हणाले. "खाली मानसं हायत."