आतोबांची मोटार आणि आत्या

माझी आत्या चहा कधी बसून प्यायली नाही. कप हातात घेऊन ती खिडक्या उघडायची, दोरीवरचे कपडे वाळले का ते चाचपायची, फाटकापर्यंत जाऊन यायची, आणि शेवटचा घोट अंगणात कुठेतरी संपायचा. कर्जतच्या शाळेत तिने भूगोल शिकवला. तिच्या विद्यार्थ्यांना नकाशांपेक्षा तिचं वर्गभर फिरणंच जास्त आठवतं.

‘होऊन जाऊ दे एकदाचं’ हे तिचं पालुपद. पापड लाटायचे असोत की कुणाचं लग्न ठरवायचं असो, मनात आलं की ते त्याच दिवशी झालं पाहिजे. माझं लग्नही तिने असंच उरकलं. ते टिकलं, हा भाग वेगळा.

आतोबा अगदी उलट. बोलणं कमी, हालचाल त्याहून कमी. त्यांचा जीव एकाच गोष्टीत होता, त्यांच्या वडिलांनी घेतलेल्या जुन्या काळ्या मोटारीत. दर रविवारी ते ती पुसायचे, मग आत्याला शेजारी बसवून चौक गावाच्या बाजूला चक्कर मारून यायचे. आत्या तेवढा वेळ मात्र बसायची, पण काच खाली-वर करत.

मग आतोबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांना समजायचं सगळं, सांगता काही यायचं नाही. मुलगा बेंगळुरूहून म्हणाला, ‘दोघंही इकडेच या.’ आत्याने फोनवरच हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून खोकी भरायला घेतली. मोटार खोपोलीच्या एका हौशी माणसाला द्यायची ठरली.

निघायच्या आदल्या दिवशी मी नेरळहून मदतीला गेले. आतोबा ओटीवर खुर्चीत होते. मोटारीकडे बघत होते. आत्या खोकी बांधता बांधता थांबली.

“ह्यांना एक चक्कर मारून आणते,” ती म्हणाली. “होऊन जाऊ दे एकदाचं.”

मोटार तिलाही चालवता यायची. इंजिन सुरू झालं, पण गिअर पडेना. क्लच पूर्ण दाबला तरी नुसती करकर. आत्याने खालापूरहून दत्ताला बोलावलं. वर्षानुवर्षं मोटारीचं काम तोच बघायचा. त्याने क्लचचं तेल पाहिलं, पेडल दाबून पाहिलं, गाडीखाली आडवा होऊन आत्याला पुन्हा दाबायला लावलं.

“तेल बराबर हाय, दांडापन सरकतोय,” तो खालूनच म्हणाला. “आतली प्लेट गंजून चिकटलीय बाई. पावसाळाभर उभी व्हती ना.”

“मग?”

“गिअरबॉक्स उतरवायला लागंल. चार दिस तरी जातील.”

“मी उद्या चाललेय रे. दुसरा काही उपाय?”

“हाय. पन तुमाला नाय सांगनार मी.”

आत्या त्याच्याभोवती फिरत राहिली. शेवटी त्याने सांगितलं. गाडी गिअरमधेच चालू करायची, क्लच दाबून ठेवायचा, आणि मोकळ्या रस्त्यावर वेग द्यायचा, एकदम सोडायचा, पुन्हा द्यायचा. प्लेट सुटली तर सुटली. “आतलं काय तुटलं तर मला बोलू नका,” तो म्हणाला.

आतोबांना दत्तापाशी ठेवून आम्ही दोघी निघालो. चावी फिरवताच मोटार बेडकासारखी उडी मारून फाटकाबाहेर पडली. आता गिअर काढता येत नव्हता. थांबायचं तर इंजिनच बंद करायचं. आत्या वेग देत होती, सोडत होती, आणि माझं डोकं दर वेळी पुढच्या काचेपर्यंत जाऊन येत होतं. एका वळणावर म्हशी आडव्या आल्या. आत्याने ब्रेक मारून चावी फिरवली. म्हशी निवांत गेल्या. पुन्हा चावी, पुन्हा उडी.

“आत्या, बस झालं,” मी म्हटलं.

“गप गं. सुटेल.”

पुढच्या सरळ रस्त्यावर खालून खाडकन आवाज आला. मला वाटलं, तुटलं. पण इंजिन एकदम हलकं होऊन ओरडलं आणि गाडी आपसूक संथ झाली. आत्याने गिअर काढला, घातला, परत काढला. हसली नाही. फक्त म्हणाली, “चल, ह्यांना घेऊन येऊ.”

दत्ताने आतोबांना उचलून पुढे बसवलं. मी मागे. पोशीरच्या बाजूला, जिथे भाताची कापणी चालली होती, तिथे आत्याने गाडी कडेला घेतली. आतोबा डाव्या हाताने समोरची फळी कुरवाळत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

आत्याने इंजिन बंद केलं.

“अहो,” ती म्हणाली, “तुम्हाला जायचंय का बेंगळुरूला?”

खोकी भरून झाली होती, घराला भाडेकरू पाहून झाला होता. हा प्रश्न मात्र कुणी विचारला नव्हता. आतोबांनी तिच्याकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. नाही. मग पुन्हा एकदा, तिला नीट दिसावं म्हणून.

आत्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. काच खाली-वर केली नाही. बऱ्याच वेळाने पदराने तोंड पुसलं आणि मागे न बघता मला म्हणाली, “घरी गेलं की खोकी सोडायला लाग.”

दुसऱ्या दिवशी मुलगा न्यायला आला, चिडला, समजावून थकला. “बाबांना कळतंय का काही?” असं त्याने विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, “त्यांना कळतं रे. मलाच कळलं नव्हतं.” तो एकटाच परत गेला.

आतोबा त्यानंतर दोन पावसाळे राहिले आणि स्वतःच्या खाटेवर, आत्याचा हात धरून गेले. आत्या अजून कर्जतलाच असते.

यंदा आईला शेलूच्या घरातून माझ्याकडे आणायचं आम्ही भावंडांनी ठरवलं. टेंपोही सांगून झाला होता. मी टेंपोवाल्याला थांब म्हटलं, शेलूला गेले, आईसमोर बसले आणि तिला विचारलं. आई म्हणाली, “विचार करून सांगते.”

ती अजून विचार करतेय. मी थांबलेय.