काकूंनी न ओळखलेली खिरापत

झाकलेल्या डब्यातली खिरापत भोंडलाकाकू नुसता डबा हलवून ओळखायच्या. डबा कानाशी धरायच्या, एकदा खुळखुळवायच्या आणि शांतपणे सांगायच्या, "करंजी. सारण हात राखून भरलंय." करणारीचा चेहरा पडायचा. डोंबिवलीतल्या आमच्या चार इमारतींचा नवरात्रातला भोंडला त्यांच्याच हाती होता, आणि शिस्त अशी की शाळा परवडली.

त्यांचा एक नियम होता. जिला खिरापत ओळखता येणार नाही, तिने दुसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन ती करायला शिकायचं. "नुसतं खाऊन पळायचं नाही," असं त्या दटावायच्या. या नियमापायी तिसऱ्या मजल्यावरच्या सोवळ्यातल्या आजी बिहारच्या दुबेवहिनींकडे ठेकुआ तळत बसल्या होत्या.

आमची खोली पाण्याच्या पंपामागे. आई चारही इमारतींचे जिने झाडायची. बायका तिच्याशी गोडच बोलत, पण आमच्या घरी त्यांच्यापैकी कोणी घोटभर पाणी प्यायलेलं मला आठवत नाही. एका वर्षी मी हट्टाने खिरापतीच्या पाळीत आमचं नाव घातलं. "कशाला गं? कोणी खाल्लं नाही तर?" आई म्हणाली. तरी तिने हुलग्याचे शेंगोळे केले, रस्सेदार, लसूण घालून. डबा नेताना मला रडूच येत होतं.

बायकांनी लाडू, वड्या, चकल्या, सगळं सांगून पाहिलं. काकूंनी डबा हलवला, झाकणाशी नाक नेलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हरले बाई." मग पहिला शेंगोळा त्यांनीच तोंडात टाकला. त्यांनी खाल्ल्यावर नाही कोण म्हणणार?

दुसऱ्या दिवशी चार वाजता काकू पाच बायकांना घेऊन आमच्या दारात. आईची तारांबळ उडाली. "आधी पाणी दे गं," काकू म्हणाल्या. आईने पेला तीनदा विसळला. पाणी पिऊन काकूंनी पदर खोचला आणि आईने दाखवायच्या आतच झरझर शेंगोळे वळायला घेतले. बाकीच्यांचे तुटत होते आणि आई हसत होती. इमारतीतल्या बायकांमध्ये बसून हसणारी आई मी पहिल्यांदाच पाहिली. पुढच्या वर्षीपासून भोंडल्याचा पाट मांडायला तिलाच बोलावतात. गुडघे दुखतात म्हणाली तरी कोणी ऐकत नाही.

गेल्या वर्षी काकू मुलाकडे टिटवाळ्याला राहायला गेल्या. निघताना आईने विचारलंच, "काकू, तुम्ही ओळखलं होतं ना?"

"वासावरूनच," काकू म्हणाल्या. "पण मला तुझ्या घरी यायचं होतं. तू कधी बोलावलंच नाहीस."