पितो तो नेहमी शेजारीच

अल् घुब्रात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये नूरबानू राहते. मूळ घर रत्नागिरीकडचं, जन्म झांजिबारचा, लग्न होऊन आली ती मस्कतला. त्यामुळे बाई भांडते कोकणीत, दुवा मागते अरबीत, आणि कांदा चिरताना स्वाहिलीत गुणगुणते. नवरा उस्मान वारला. आता ती आणि तिचा धाकटा भाऊ मुनीर. मुनीर अल मवालेहच्या बाजारात भाजी भरतो आणि पिकअपने लांब रुस्ताक गावच्या दुकानांना पोचवतो. माणूस लाघवी. "काकी, तुमच्यासाठी शेंगा काढून ठेवल्या हां," म्हणत शेवग्याची जुडी दाराशी ठेवून जाईल.

मुनीर पितो. मी हे सरळ लिहून टाकलं, पण त्या घरात हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. तिथे म्हणायचं, "मुनीरला हवा लागली." सकाळी त्याचे डोळे लाल दिसले की नूरबानू सुकं लिंबू उकळायची, ते पाणी झाकून त्याच्या उशाशी ठेवायची आणि बाहेर येऊन मला सांगायची, "काकी, आज हवा फार आहे." बाहेर पान हलत नसायचं. मी म्हणायची, "हो बाई, फारच." मग पिकअप निघाली की ही फोन मुठीत धरून बसायची. रुस्ताकहून "पोचलो" असं येईपर्यंत समोरचा चहा तसाच गार व्हायचा. कशाला घाबरतेस, असं मी कधी विचारलं नाही. यालाच शेजारधर्म म्हणतात, असा माझा समज होता.

माझी नात सावनी इथे आरोग्याच्या पाहणीचं काम करते. दारूने माणसाचं किती बिघडलंय ते मोजायचे काही प्रश्न असतात, इंग्रजीतले. उत्तराला मार्क. जितके जास्त, तितकं वाईट. झांजिबारहून परतलेल्या ओमानी घरांत म्हातारी माणसं अजून स्वाहिलीच बोलतात, त्यांच्यासाठी हे प्रश्न स्वाहिलीत आणायचे होते. भाषांतर झालं होतं. पण नुसतं भाषांतर पुरत नाही म्हणे. ते लोकांना वाचून दाखवायचं आणि यातून तुम्हाला काय कळलं ते विचारायचं. त्यासाठी सावनीने नूरबानूला गाठलं.

"दारूचं विचारू? मी? तोबा!"

"मावशी, तुम्ही फक्त विचारायचं आहे. प्यायची नाही."

"आणि त्यांनी विचारलं, तुला कसं ठाऊक, तर?"

"तर माझं नाव सांगा."

"तुझं लग्न व्हायचंय अजून," असं म्हणून नूरबानू तयार झाली.

सोबत म्हणून मीही जायची. खजूर खायला मिळतात. पहिल्याच घरात कळलं की गाडी अडणार. नूरबानू अदबीने विचारायची, तुम्ही किती वेळा पिता? समोरचे आजोबा कानाला हात लावायचे. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. सगळी वस्ती धुतल्या तांदळासारखी. शेवटी नूरबानूने आपलं डोकं चालवलं. "तुमचं नाही हो बाबा, तुमच्या शेजाऱ्याचं सांगा." मग काय विचारता! कोण पितो, कुठून आणतो, बायको माहेरी कधी गेली, सगळं तोंडपाठ. गंमत म्हणजे त्या शेजाऱ्याकडे गेलो तर तोही कानाला हात लावून पहिल्याबद्दल सांगू लागला.

नूरबानू खुशीत परत आली. सावनीने डोक्याला हात लावला. "मावशी, शेजाऱ्याचे मार्क याला कसे देणार? ज्याचं त्यानेच सांगायला हवं."

"मग तुमचे प्रश्न उपाशीच राहणार."

पेल्याचाही असाच घोळ. कागदावर पेल्यांची चित्रं होती. एका वेळी असे किती, सांगा. एका आजोबांनी कागद बाजूला सारला. त्यांच्या तरुणपणी झांजिबारात माडाखाली एकच वाडगा फिरायचा, ज्याच्या हाती आला त्याने घोट घ्यायचा आणि पुढे द्यायचा. आपले घोट मोजणारा माणूस कंजूष ठरायचा. आमच्या कोकणात माडीचं याहून काय वेगळं होतं? सावनीने हे मात्र आवडीने टिपून घेतलं आणि चित्रांच्या जागी दुसरं काय ठेवावं, त्यावर बरेच दिवस खपली.

मग आला शेवटचा प्रश्न. घरच्या कुणी काळजीने तुम्हाला, पिणं कमी करा, असं सांगितलंय का? तेच वाडग्याचे आजोबा हसून म्हणाले, "कधीच नाही." त्यांची म्हातारी दारात उभी होती. ती म्हणाली, "मी कशी सांगेन? मान ठेवायचा असतो. मी फक्त त्यांच्या चपला लपवते."

नूरबानूने हसत हसत ते सावनीला सांगितलं. सावनी हसली नाही. "म्हणजे उत्तर 'नाही'. या प्रश्नाला शून्य."

"शून्य म्हणजे चांगलं ना?"

"कागदावर चांगलं."

"घरचे गप्प बसले म्हणून माणूस पास?"

"हाच तर प्रॉब्लेम आहे, मावशी. प्रश्न बदलायला लागेल."

सावनी प्रश्न कसा बदलायचा ते बोलत राहिली. नूरबानूचं लक्ष नव्हतं. घरी आल्यावर तिने सुक्या लिंबांची बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवा होती. मी दारातच होते. मुनीर चावी फिरवत बाहेर आला. नूरबानू त्याच्या वाटेत उभी राहिली. हातात लिंबाचं पाणी नव्हतं.

"मुनीर, तू पितोस. रोज तू रुस्ताकला पोचेपर्यंत माझा जीव जागेवर नसतो. कमी कर. आणि आज गाडी नेऊ नकोस."

मुनीरने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काकींच्या समोर?"

"काकींना ठाऊक आहे. सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. एक मीच सांगायची राहिले होते."

"तुला त्या सर्व्हेवाल्यांनी बिघडवलंय, आपा."

"बिघडवू दे. चावी दे."

त्याने चावी जमिनीवर टाकली, दार आपटलं, आणि भाजी त्या दिवशी बाजारातच राहिली. पुढे बरेच दिवस घरात अबोला. जेवण ताटात पडायचं, बोलणं नाही. नूरबानू माझ्याकडे येऊन रडायची आणि वर म्हणायची, "हवा बरी होती, काकी." मी प्रथमच म्हटलं, "नाही, बरी नव्हती."

मग एका दुपारी मुनीर आपणहून सावनीच्या ऑफिसात गेला. स्वाहिली येणारी माणसं हवी आहेत ना, मला विचारा म्हणाला. आत काय बोलला ते सावनी मरेपर्यंत सांगायची नाही, तिचा तसा नियमच आहे. पण हा आला तो जिन्यातूनच ओरडत, "आपा! तुझ्यामुळे माझे मार्क वाढले! शेवटच्या प्रश्नाला साफ 'हो' म्हणावं लागलं!"

नूरबानूने पदराला हात पुसले आणि पोरगा बोर्डात आल्यासारखे सगळ्या मजल्यावर खजूर वाटले.

पिणं सुटलंय असं मी म्हणणार नाही. डॉक्टरकडे जातो, कधी चुकवतो. पण डॉक्टरने हो म्हणेपर्यंत पिकअप बाजारातला एक पोरगा, झुबेर, चालवतो. मुनीर त्याच्या शेजारी बसतो आणि रुस्ताकपर्यंत त्याला गाडी कशी चालवावी ते शिकवतो. झुबेर बिचारा पीत नाही. पण असंच चाललं तर पुढे काय होईल, सांगता येत नाही.