दाढेतला मणी

मेण जळाल्याचा वास आला की पाथर्डीकडचा तो ऊसतोडणी कामगार आठवतो. एकाहत्तर-बाहत्तरचे दिवस, नगरला मी नुकताच दातांचा दवाखाना थाटला होता. त्याच्या दाढेला टोपी बसवायची होती. “स्टीलची बसवू, झिजणार नाही,” मी म्हटलं. त्यानं फडक्यातून सोन्याचा मणी काढला. “कारभारीन ऊसतोडीवरच वारली. तिचा मनी घरी ऱ्हायला, मरताना तोंडात सोनं घालता आलं न्हाई. माझं तसं नगं.” नुसतं सोनं मऊ पडतं, तांबं मिसळावं लागेल, हे ऐकून तो घुटमळला. “मिसळा. पर मनी सगळा घाला.” मेणाचा साचा जाळून त्या पोकळीत मी सोनं ओतलं. टोपी बसल्यावर मी आरसा धरला. त्यानं पाहिलंच नाही. जिभेनं दाढ चाचपली आणि तोंड गच्च मिटून घेतलं. आजही कुणापुढं आरसा धरताना माझा हात थांबतो.